आमदाराचं मत गुन्हा ठरू शकतं का? कोर्ट नाक्यावरच्या अभ्यासवर्गाची तपासणी

ठाण्यात फौजदारी कायद्याच्या वर्गांना तोटा नाही. जामीन, चेक बाउन्स, घरगुती हिंसाचार आणि आता तीन नवे कायदे (न्याय संहिता, नागरिक सुरक्षा संहिता, साक्ष अधिनियम), असा कसला ना कसला फलक कोर्ट नाक्याच्या आसपास लागलेला असतोच. पण छळाला कायद्याची मान्यता देणाऱ्या लोकप्रतिनिधीवर फौजदारी जबाबदारी येते का, एवढा एकच प्रश्न घेऊन तीन शनिवार चालणारा वर्ग विरळाच. आम्ही लिहिणारे दोघंही फौजदारी बाजूचं काम करतो, त्यामुळे कौतुक जपून आणि चुका कलमानिशी मांडल्या आहेत. आयोजकांचं नाव देत नाही. चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी व्यवहाराचं. फी ₹१,२००, कायद्याच्या विद्यार्थ्यांना ₹७००. वेळ दुपारी ४ ते ७, जागा सुमारे ४० जणांची, पहिला मजला, लिफ्ट नाही. त्यात ६४ पानांची टिपणं आणि चहा. स्टेशनवरून चालत दहा-बारा मिनिटं लागतात; शनिवारी संध्याकाळी जांभळी नाक्याकडून गाडी आणायचा विचारही करू नका. वाशी-नेरूळकडच्यांनी ट्रान्स-हार्बरने यावं. माइक एकच आहे आणि मागच्या दोन रांगांना प्रश्नोत्तरं ऐकू येत नाहीत, म्हणून लवकर जाऊन पुढे बसा.

एका ओळीत सांगायचं तर पहिला शनिवार ऐकावा असा, दुसरा पैसे वसूल करणारा आणि तिसरा घाईत उरकलेला.

पहिल्या दिवशी परदेशांतली उदाहरणं येतात. सुरुवात अमेरिकेच्या २००६ च्या मिलिटरी कमिशन्स अॅक्टपासून, आणि ही निवड अचूक आहे. २८ सप्टेंबरला सिनेटमध्ये ६५ विरुद्ध ३४, दुसऱ्या दिवशी प्रतिनिधिगृहात २५० विरुद्ध १७०, आणि १७ ऑक्टोबरला अध्यक्षांची सही. कोणी कुठे मत दिलं ते नावानिशी नोंदलेलं आहे, म्हणून प्रश्न हवेत राहत नाही. ‘या लोकांनी छळ कायदेशीर केला’ असं सरसकट बोललं जातं. वक्त्यांनी तिथेच थांबवलं, हे बरं केलं. छळ त्या कायद्यातही गुन्हाच राहिला. बदल झाला तो बाजूच्या कलमांत. तिथल्या युद्धगुन्हे कायद्याखाली जिनिव्हा करारांच्या समान कलम ३ चा (पकडलेल्यांना किमान माणुसकीने वागवण्याच्या नियमाचा) कोणताही भंग गुन्हा होता. त्याच्या जागी ठरावीक नऊ कृत्यांची यादी आली आणि मानहानीकारक वागणूक यादीतून गळाली. वर ही दुरुस्ती २६ नोव्हेंबर १९९७ पासूनच लागू समजायची, असंही लिहून ठेवलं. २००६ मध्येच २९ जूनला हमदान खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने समान कलम ३ अल-कायदाच्या कैद्यांनाही लागू आहे असं सांगितलं होतं. घाई कशाची होती ते तारखांवरूनच कळतं.

इथे वर्गाने एक पाऊल पुढे जायला हवं होतं. मागच्या तारखेपासून ढाल देणारं मत आणि पुढच्या छळाला वाट मोकळी करणारं मत, या फौजदारी कायद्याच्या नजरेत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ४५ मधली अपप्रेरणा, म्हणजे गुन्ह्याला चिथावणी, कट किंवा साहाय्य, घ्या. साहाय्य कृत्याच्या आधी किंवा कृत्य चालू असताना केलेलं असावं लागतं, हे स्पष्टीकरणातच आहे. २००२ मध्ये झालेल्या छळाला २००६ चं मत ‘साहाय्य’ कसं ठरणार? गुन्हेगाराला मागाहून पाठीशी घालणं निराळं आणि गुन्ह्याला हात देणं निराळं. हा फरक फळ्यावर आला असता तर अर्ध्या वर्गाचा गोंधळ तिथेच मिटला असता.

त्यापेक्षा कागद लिहिणाऱ्यांचा भाग चांगला रंगला. १ ऑगस्ट २००२ चं अमेरिकी न्याय विभागाचं टिपण, ज्यात शारीरिक छळ ठरायला वेदना अवयव निकामी होण्याच्या किंवा मरणाच्या तोडीची असावी लागेल अशी मखलाशी केली होती. मग २ डिसेंबर २००२ ला तेव्हाचे अमेरिकी संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांनी ग्वांतानामोच्या तुरुंगासाठी सही केलेलं पत्र. त्याच पत्रावर त्यांनी हाताने शेरा मारला होता की मी दिवसाला ८ ते १० तास उभा असतो, मग उभं ठेवण्याला ४ तासांचीच मर्यादा का? वर्गात हशा पिकला आणि लगेच विरलाही. मुद्दा असा की सल्ला देणारा, सही करणारा आणि मत देणारा ही तीन वेगळी माणसं आहेत आणि पुराव्याचा धागा प्रत्येक पायरीवर पातळ होत जातो.

दुसऱ्या महायुद्धानंतर नाझींवर चाललेल्या न्यूरेंबर्गच्या खटल्यांबद्दल वक्ते नेमके बोलले. १९४७ च्या नाझी न्यायाधीशांवरच्या खटल्यात १६ आरोपी होते, १० दोषी ठरले. कायदा राबवणाऱ्यांना ‘आम्ही फक्त कायदा पाळला’ हा बचाव उपयोगी पडला नाही. हिटलरचा गृहमंत्री फ्रिक याला १६ ऑक्टोबर १९४६ ला फाशी झाली. वंशभेदाचे कायदे तयार करण्यात त्याचा हात होता, पण तो निव्वळ एक मत देणारा सभासद नव्हता. खातं त्याच्या हाती होतं. याउलट २३ मार्च १९३३ ला जर्मन संसदेने, म्हणजे राईशस्टागने, ४४४ विरुद्ध ९४ मतांनी हिटलरला सर्वाधिकार दिले, त्या ४४४ जणांवर त्या मतासाठी न्यूरेंबर्गमध्ये खटला भरला गेला नाही. हिटलरच्या मंत्रिमंडळाला गट म्हणून गुन्हेगार ठरवा ही मागणीही न्यायाधिकरणाने मान्य केली नाही. माणसं थोडी आहेत, एकेकावर खटला चालवा, असा त्यांचा सूर होता. सभागृहातल्या निव्वळ मतासाठी शिक्षा झाल्याचं एकही उदाहरण वर्गात दिलं गेलं नाही. कोणी विचारलंही नाही, हे जास्त खटकलं.

आंतरराष्ट्रीय कायद्याचा अर्धा तास फार भरभर गेला. खरं तर अख्ख्या विषयाची किल्ली तिथे होती. युगोस्लाव्हियातल्या युद्धगुन्ह्यांसाठीच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणाने १९९८ च्या फुरुंडझिया निकालात म्हटलं की एखाद्या देशाने कायदा करून छळाला परवानगी दिली तरी आंतरराष्ट्रीय पातळीवर त्या परवानगीला मान नाही, आणि तिचा आधार घेऊन छळ करणारा दोषी ठरू शकतो. नीट वाचा: दोषी छळ करणारा. परवानगी देणाऱ्या सभासदाचं काय, ते तिथे सांगितलेलं नाही. त्याबद्दल बोलतं ते रोम संविधीचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय स्थापणाऱ्या कराराचं, कलम २७. संसद सदस्य किंवा निवडून आलेला प्रतिनिधी असणं ही सुटकेची सबब होऊ शकत नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे पद ढाल नाही. पण पद ढाल नसणं आणि मत हेच गुन्हेगारी कृत्य असणं, यात अंतर आहे; ते कलम २५ मधल्या साहाय्य आणि समान उद्देशाने व कलम ३० मधल्या हेतू आणि जाणिवेने भरून काढावं लागतं. शिवाय त्या न्यायालयात छळ मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हणून न्यायचा तर तो नागरिकांवरच्या व्यापक किंवा पद्धतशीर हल्ल्याचा भाग असावा लागतो. भारत आणि अमेरिका दोघंही त्या संविधीचे सदस्य नाहीत. टिपणांत या सगळ्याला सव्वा पान आहे. किमान सहा पानं हवीत.

दुसरा शनिवार. इथे वर्गाने कमाई केली.

हातात एक ए-थ्री कागद मिळतो, आडव्या सहा रकान्यांचा: कृत्य, जागा, वेळ, जाणीव, परिणाम, ढाल. बाजूला एक कल्पित विधेयक. महाराष्ट्र विधानसभेत मांडलेलं, त्यातला खंड ४ असा: तपास अधिकारी संशयिताला सलग २० तास उभं ठेवू शकेल, अशी कृती इजा समजली जाणार नाही. चार सभासद दिले आहेत. पहिला गृहमंत्री, ज्याने खंड ४ खात्यात लिहून घेतला आणि कायदा झाल्यावर पोलीस ठाण्यांना परिपत्रक काढलं. दुसरी आमदार, पक्षादेशावर मत दिलं, विधेयक वाचलंच नाही. तिसऱ्याने सभागृहात खंड ४ ची जोरदार भलामण केली. चौथ्याने मत दिलंच, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मतदारसंघातल्या पोलीस ठाण्यात फोन करून अमक्याला २० तास उभा करा असं सांगितलं.

रकाने भरायला सुरुवात केली की पहिल्या दहा मिनिटांत सगळे ‘परिणाम’कडे धावतात, म्हणजे कैद्याला काय झालं तिकडे. तिथेच फसायला होतं. भारतात आधी भरायचा रकाना ‘जागा’. संविधानाचं कलम १९४ (२), आणि संसदेसाठी १०५ (२), म्हणतं की सभागृहात किंवा समितीत केलेलं भाषण आणि दिलेलं मत यासाठी सभासदावर कोणत्याही न्यायालयात कारवाई होणार नाही. कोणत्याही म्हणजे दिवाणी आणि फौजदारी दोन्ही. दुसरी आणि तिसरा इथेच बाहेर पडतात, मग परिणाम कितीही भयंकर असो. चौथ्याचं मत सुटतं, फोन सुटत नाही. फोन सभागृहाबाहेरचा आहे. कलम ४५ ची चिथावणी, आणि मूळ कृत्य कबुलीसाठी इजा करण्याचं, म्हणजे कलम १२० (१), सात वर्षांपर्यंत. इजा जबर असेल तर १२० (२), दहा वर्षांपर्यंत. जुन्या दंड संहितेची ३३० आणि ३३१. गृहमंत्र्याचं मत सुटतं, परिपत्रक सुटत नाही. ते सरकारी कागद आहे, विधिमंडळाचं कामकाज नाही.

मग ४ मार्च २०२४ चा सीता सोरेन निकाल. सात न्यायमूर्तींनी १९९८ चा नरसिंह राव निकाल फिरवला आणि लाच घेऊन मत देणाऱ्याचं संरक्षण काढून घेतलं. वर्गातल्या बऱ्याच जणांना वाटलं की आता मतामागचा हेतू उकरता येईल. वक्त्यांनी हे चांगलं खोडून काढलं. तिथे गुन्हा लाच स्वीकारतानाच पुरा होतो, मत पुढे दिलं की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. छळाच्या विधेयकात लाचेसारखी बाहेरची, आधीच पूर्ण झालेली कृती नसते. असते ती फक्त मताची. म्हणून सीता सोरेनचा दरवाजा इथे उघडत नाही. विशेषाधिकार सभागृहाच्या सामूहिक कामकाजाशी आणि सभासदाच्या कर्तव्याशी जोडलेला असावा, ही त्यातली कसोटी लावली तरी विधेयकावरचं मत त्या कसोटीच्या अगदी गाभ्यात बसतं.

मागून एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, पक्षादेश मोडला तर आमदारकी जाते. मग ती सक्ती धरता येणार नाही का?” प्रश्न उत्तम, उत्तरही उत्तम. संविधानाच्या दहाव्या अनुसूचीखाली (पक्षांतरबंदी) पक्षादेशाविरुद्ध मत दिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही तर अपात्रता येते, हे खरं. पण न्याय संहितेच्या कलम ३२ मध्ये सक्तीचा बचाव फक्त तात्काळ मृत्यूच्या भीतीला आहे. खुर्ची जाणं म्हणजे जीव जाणं नव्हे, निदान कायद्यात तरी.

आणि एक व्यावहारिक गोष्ट, जी बहुतेक चर्चांमध्ये निसटते: आपल्याकडे बहुतांश विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. कोणी मतविभागणी मागितली नाही तर कोणी ‘होय’ म्हटलं याची नावानिशी नोंदच राहत नाही. विशेषाधिकार बाजूला ठेवला तरी ‘या आमदाराने मत दिलं’ हे सिद्ध कशाने करणार? कार्यवृत्तात ‘प्रस्ताव संमत झाला’ एवढंच सापडतं. पोटा या दहशतवादविरोधी कायद्याच्या वेळी २६ मार्च २००२ ला संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ अशी मोजदाद झाली, तो अपवाद.

आता टिपणांतल्या चुका. पान ३१ वर चारही सभासदांसमोर ‘खटल्याला सरकारची मंजुरी आवश्यक, नागरिक सुरक्षा संहिता कलम २१८’ असं छापलंय. आमदारांच्या बाबतीत हे चूक. १९८४ मध्ये अंतुले खटल्यातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आमदार दंड संहितेच्या अर्थाने लोकसेवक नाही. ठाण्यात बसून महाराष्ट्राच्याच माजी मुख्यमंत्र्यांचा खटला विसरणं जरा जास्तच झालं. मंजुरीचा प्रश्न गृहमंत्र्याचा आहे आणि फोन घेणाऱ्या पोलीस अधिकाऱ्याचा आहे. तिथेही १२० दिवसांत निर्णय झाला नाही तर मंजुरी मिळाली असं मानायचं, ही नवी तरतूद टिपणांत नाही.

दुसरी चूक जास्त नाजूक. पान ३४ म्हणतं की खंड ४ लागू असताना शिपाई न्याय संहितेच्या कलम १७ खाली (कायद्याने समर्थनीय कृत्य गुन्हा नाही) सुटला तरी चिथावणी देणारा सुटत नाही, कारण कलम ४६ चं स्पष्टीकरण ३. हे स्पष्टीकरण सांगतं की ज्याला चिथावलं तो स्वतः गुन्हा करण्यास कायद्याने सक्षम असलाच पाहिजे किंवा त्याचा हेतू दोषी असलाच पाहिजे असं नाही. पण त्याखालची उदाहरणं लहान मुलाची, वेड्याची आणि गैरसमजातून दुसऱ्याची वस्तू प्रामाणिकपणे उचलणाऱ्याची आहेत. कायद्याचा हुकूम पाळणारा शिपाई त्या रांगेत बसतो का, हा वाद घालण्यासारखा प्रश्न आहे आणि तो ठरलेल्या उत्तरासारखा छापायला नको होता. खंड ४ संविधानाच्या कलम २१ आणि कलम १३ (२) समोर टिकणार नाही हे उघड आहे. केंद्राच्या कायद्याशी विसंगत म्हणून कलम २५४ (२) खाली राष्ट्रपतींची संमतीही लागेल. पण कायदा रद्द होईपर्यंतच्या काळात ज्याला उभा केला त्याचं काय, तिथे वर्ग गप्प बसला.

आमची सगळ्यात मोठी तक्रार मोक्कावरची, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या कायद्यावरची. कल्पित खंड ४ वर दोन तास, आणि याच राज्याच्या विधिमंडळाने १९९९ मध्ये केलेल्या कायद्यावर दीड पान! मोक्काचं कलम १८ अधीक्षक दर्जाच्या पोलिसासमोरचा कबुलीजबाब पुराव्यात घेऊ देतं. एरवी साक्ष अधिनियमाच्या कलम २३ खाली पोलिसांसमोरची कबुली बाद असते. छळाला परवानगी कलम १८ देत नाही. उलट छळाची तक्रार झाली तर वैद्यकीय तपासणीची सोय त्यात आहे. पण कबुलीला भाव आला की ती कशी मिळवली याचा मोह वाढतो, आणि लोकप्रतिनिधीचं मत खऱ्या आयुष्यात छळाला हात लावतं ते अशा आडवाटेने. अशाच कबुलीला मान्यता देणारं टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याचं कलम १५ हे १९९४ च्या करतार सिंग निकालात टिकलं, पोटाचं कलम ३२ २००४ ला कायद्यासोबत गेलं, मोक्का चालू आहे. हे धागे जोडणारा एक तास हवाच.

भारताने संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ ला सही केली, अनुसमर्थन अजून नाही. लोकसभेने मे २०१० मध्ये मंजूर केलेलं छळ प्रतिबंध विधेयक राज्यसभेत अडकून संपलं. विधी आयोगाचा २७३ वा अहवाल २०१७ चा. हे नेहमीचं, ते नीट सांगितलं. न केलेल्या कायद्यासाठी सभासद गुन्हेगार ठरतो का, हा उपप्रश्न मात्र चहाच्या वेळेत गेला.

तिसरा शनिवार प्रत्यक्ष कामाचा म्हणून जाहीर केला होता. कोठडीत मारहाण झालेल्या माणसासाठी पहिल्या २४ तासांत काय करायचं, हे शिकवणार होते. मजकूर बरोबर, पण पन्नास मिनिटांत. रिमांडच्या वेळी ‘मारहाण झाली’ एवढंच तोंडी सांगून वकील बसतो आणि आदेशात ‘पोलिसांविरुद्ध तक्रार नाही’ ही ठरलेली ओळ पडते. मग पुढे सगळं लंगडं होतं. जखमेची जागा, लांबी सेंटिमीटरमध्ये आणि रंग लिहून लेखी अर्ज द्या. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३ खाली तपासणी आणि अहवालाची प्रत मागा. तळपायावरच्या माराची खूण वरवर दिसत नाही, म्हणून डॉक्टरला ते वेगळं सांगायला लावा. २०२० च्या परमवीर सिंग सैनी निकालानुसार पोलीस ठाण्यातल्या सीसीटीव्हीचं चित्रण १८ महिने जपायचं असतं, पण ते जपलं जाईल या भरवशावर बसू नका. त्याच दिवशी, नेमकी वेळ आणि खोली लिहून जपणुकीचा अर्ज करा. यातला एकही नमुना अर्ज टिपणांत नाही. इतक्या फीमध्ये दोन पानी नमुना देणं अवघड नव्हतं.

तर जायचं कोणी? कनिष्ठ वकिलांनी आणि शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी जरूर जावं, तेही दुसरा शनिवार चुकवू नये म्हणून. ज्यांना फक्त ‘अमक्या नेत्याला आत टाका’ हे ऐकायचंय त्यांची निराशा होईल. पत्रकारांसाठी पहिला दिवस पुरे. एका दिवसाचे ₹५०० घेतात, विचारावं लागतं. टिपणांची सुटी प्रत ₹१५० ला मिळते, पण पान ३१ वरची आमदारांसमोरची कलम २१८ ची ओळ पेनाने खोडून मगच वापरा.